फोटोत दिसतं तेवढंच लिहा

स्क्रीनवर एक फोटो यायचा आणि एक मिनिट मिळायचं. त्या मिनिटात फोटोचं वर्णन इंग्रजीत टाइप करायचं. वरच्या कोपऱ्यात सेकंद उलटे पळत असायचे आणि मी पहिल्याच वाक्यात अडकून बसलेली असायचे.

मी नर्स आहे. बारामतीतल्या एका खाजगी दवाखान्यात माझी अकरा वर्षं झाली. परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेला नर्स हव्या आहेत, असं पुण्याच्या एका एजन्सीकडून कळलं, तेव्हा अर्ज मी भरला नाही, माझ्या नवऱ्यानं भरला. तो एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो आणि त्याला जग बघायची फार हौस. "तुझा हात चांगला हाय," तो म्हणाला. "इंग्रजीचं काय, हुतंय की." मुलाखतीच्या आधी इंग्रजीची एक परीक्षा होती, घरी बसून कॉम्प्युटरवर द्यायची. वाचणं, ऐकणं, बोलणं मला फारसं जड नव्हतं. डॉक्टरांच्या राउंडला वर्षानुवर्षं तेच कानावर पडतं. घोडं अडलं ते या फोटोपाशी.

एसटी स्टँडजवळ, एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर क्लास होता. दोनला ड्यूटी संपवून, डबा खाऊन, तीनला मी तिथं जायचे. आठ कॉम्प्युटर, एक पंखा आणि बारावी झालेल्या सात मुली. आठवी मी. सर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान असतील. माणूस मनानं चांगला, पण सतत घाईत.

पहिल्या दिवशी आलेला फोटो मला अजून आठवतो. बस थांब्यावर एक बाई उभी होती, हातात लाल छत्री. मी बघितलं, छत्री उघडी आहे पण जमीन कोरडी आहे. मग ऊन असेल म्हणावं तर कुणाचीच सावली पडलेली नाही. बाईचा दुसरा हात पोटावर होता. दुखतंय का तिला? की दिवस गेलेत? पोटाच्या कोणत्या बाजूला हात आहे ते बघायला मी पुढं वाकले, तोवर चाळीस सेकंद उडाले होते. एवढंच लिहून झालं की एक बाई वाट बघत आहे.

सर मागं येऊन उभे राहिले. "पुढं?"

"पुढं वेळ संपला."

"मॅडम, तुम्ही फार विचार करता. फोटो आहे तो, पेशंट नाही."

मग त्यांनी फळ्यावर चार वाक्यांचा साचा लिहिला. पहिल्या वाक्यात माणसं किती आणि काय करतायत. दुसऱ्यात कपड्यांचे रंग. तिसऱ्यात मागं काय दिसतंय. चौथं वाक्य भावनेचं. "आणि भावनेत आनंद टाका," ते म्हणाले. "आनंद कुठंही चालतो."

"माणूस रडत असला तर?"

"रडणाऱ्या माणसाचे फोटो परीक्षेत देत नाहीत."

सगळ्या मुलींनी साचा वहीत उतरवून घेतला. मीही घेतला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बोटांचा आवाज पाऊस पडल्यासारखा सुरू व्हायचा आणि वेळेच्या आत थांबायचा. माझा आवाज अधूनमधून. महिनाभर हेच चाललं. सराव परीक्षेत कॉम्प्युटर लगेच मार्क दाखवायचा, आणि फोटोच्या प्रश्नात वर्गातला सगळ्यात कमी आकडा रोज माझा असायचा. मुली चांगल्या होत्या, हसायच्या नाहीत. पण माझ्या स्क्रीनकडे बघून नजर वळवायच्या, ते मला जास्त लागायचं.

मला राग कशाचा यायचा ते नीट सांगायला हवं. मी नोकरीला लागले तेव्हाच्या आमच्या हेड सिस्टर एकच गोष्ट घोकून घ्यायच्या: आधी पेशंटकडं बघ, मग कागदाकडं. नखांचा रंग बघ. बोलताना धाप लागते का बघ. नातेवाईक म्हणतो बरं आहे, तेव्हा पेशंटचा चेहरा बघ. असं बघणं शिकायला मला तीन-चार वर्षं लागली असतील. आणि आता पस्तिशी ओलांडल्यावर एक माणूस मला सांगत होता की बघू नका, नुसतं मोजा.

घरी नवरा मदत करायचा. त्याच्या मदतीचा मला आणखी वैताग. व्हॉट्सॲपवर येणारा प्रत्येक फोटो तो माझ्यापुढं धरायचा. मी भाकरी थापत असले तरी. "हं, सांग. इंग्रजीत सांग. मागं काय दिसतंय?"

एकदा कुणाच्या तरी साखरपुड्याचा फोटो होता. मी म्हणाले, "मागं दिसतंय की नवरीला हा नवरा पसंत नाही."

"असं कसं लिहिशील? स्टेजवरची फुलं सांग की."

मी तवा उतरवला आणि ताट वाढायला घेतलं.

एका रविवारी मी माहेरी, डाळजला गेले. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बरं नव्हतं. गेले तोवर ते बरे होऊन बाजेवर बसले होते. आमचं घर मेंढरांचं. मी लहान असताना आबा दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे आणि पावसाच्या तोंडाला परत यायचे. पुढं गुडघे गेले, चरायला रानं उरली नाहीत, तेव्हा त्यांनी कळप विकला. आता धरणाच्या पाण्यावर ऊस आहे, भाऊ बघतो. पण आबांच्या डोक्यावरचं पागोटं आणि हातातली काठी तशीच आहे.

मी ओट्यावर बसून मोबाइलवर सरावाचे फोटो चाळत होते. आबांनी विचारलं, "काय बघतीस गं एवढं?"

मी त्यांना परीक्षेचं सांगितलं. फोटो बघून काय दिसतं ते लिहायचं म्हटल्यावर त्यांना ते फार सोपं वाटलं. "त्यात काय आवघड? आण हिकडं."

योगायोगानं पुढचा फोटो मेंढरांचाच निघाला. हिरवीगार टेकडी, वीस-पंचवीस पांढरी मेंढरं, मध्ये कोट घातलेला एक गोरा म्हातारा, हातात काठी, बाजूला एक काळं-पांढरं कुत्रं. माझ्या डोक्यात साचा तयार होता. एक मेंढपाळ टेकडीवर आपली मेंढरं चारत आहे.

आबांनी चष्मा लावला. मोबाइल जवळ नेला, लांब नेला.

"ह्यो माणूस ह्या मेंढरांचा न्हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"मेंढरांची तोंडं बघ. एक बी त्याच्याकडं वळलेलं न्हाय. समदी पाठ करून हायत. आणि कुत्रं बघ. ते कुठं बघतंय?"

मी बघितलं. कुत्र्याचं तोंड म्हाताऱ्याकडं नव्हतं. फोटोच्या डाव्या कडेकडं वळलेलं होतं, कान उभे करून.

"त्याचा धनी तितं हाय," आबा म्हणाले. "फोटो काढणाऱ्याच्या शेजारी उभा आसंल. ह्या म्हाताऱ्याला आणून उभा केलाय नुसता. आणि ह्ये कडंचं मेंढरू पुढचा पाय टेकवत न्हाय. खुरात कायतरी झालंय. धन्याच्या ध्यानात न्हाय आलं, न्हायतर फोटोत घेतलं नसतं."

मी तो फोटो मोठा करून पाहिला. पाय खरंच उचललेला होता. इतकी वर्षं मी माणसांचे पाय बघते, मला तो दिसला नव्हता.

"तुमाला कसं कळलं, त्याला आणून उभा केलाय म्हणून?"

आबा जरा अवघडल्यासारखे झाले. मग त्यांनी सांगितलं. इकडं थंडीत पाण्यावर पक्षी येतात, आणि पक्ष्यांमागं मोठमोठे कॅमेरे घेऊन शहरातले लोक येतात. कळप विकून दोन-तीन वर्षं झाली असतील. आबा हायवेच्या कडेनं घरी येत होते. एका गाडीतून दोघं उतरले. पागोटं आणि काठी बघून म्हणाले, बाबा, तुमचा फोटो घेऊ का. शेजारच्या पडक्या रानात आबांच्या चुलतभावाची मेंढरं चरत होती. त्यांनी आबांना त्या मेंढरांत उभं केलं.

"मी म्हणलं, ही माजी न्हाईत. त्ये म्हणले, असू द्या बाबा, फोटोत कुठं कळतंय."

"मग?"

"मग काय. हुबा ऱ्हायलो. काठी अशी धरा म्हणले, तशी धरली. तिकडं लांब बघा म्हणले, बघितलं. मेंढरांनी माज्याकडं ढुंकून बघितलं न्हाय. त्यांचा धनी बांधावर बसला व्हता हसत."

ते हे सगळं साध्या आवाजात सांगत होते, पण चष्मा काढून त्यांनी तो उगाच धोतराला पुसला. मला त्या दोन कॅमेरेवाल्यांचा असा राग आला की काय सांगू. कुठं असेल तो फोटो आता? कुणाच्या भिंतीवर असेल, नाहीतर अशाच कुठल्या तरी परीक्षेत. आणि कुठली तरी मुलगी एका मिनिटात लिहीत असेल की एक मेंढपाळ आपल्या मेंढरांसह आहे आणि तो आनंदी दिसतो.

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मी मुद्दाम तोच फोटो उघडला. त्या दिवशी पहिल्यांदा माझी बोटं थांबली नाहीत. लिहिलं की हा माणूस बहुधा या कळपाचा मालक नाही. मेंढरं त्याच्याकडं पाठ करून उभी आहेत. कुत्रा चौकटीबाहेर कुणाकडं तरी बघतोय. कडेच्या मेंढराचा पाय दुखतोय. व्याकरण दोनदा तपासलं. मिनिट संपायच्या आत संपवलं. मला वाटलं, आता जमलं.

मार्क नेहमीपेक्षाही कमी आले.

मी सरांना बोलावलं. त्यांनी वाचलं, कपाळाला आठ्या घातल्या. "हे कुठून आणलं तुम्ही?"

"फोटोत आहे ते."

"फोटोत टेकडी कुठं लिहिलीय तुम्ही? आकाश? कोटाचा रंग? मालक बाहेर उभा आहे हे कॉम्प्युटरला कसं कळणार? फोटोत दिसतं तेवढंच लिहा, मॅडम."

"पाय दिसतोय की सर. बघा, उचललाय."

त्यांनी वाकून बघितलं. त्यांनाही तो दिसला असावा, कारण त्यांनी स्क्रीनवर त्या पायावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बरोबर असेल तुमचं. पण मार्क बरोबरला नाहीत. अपेक्षित असतं त्याला आहेत."

वर्गातल्या मुली टाइप करायच्या थांबल्या होत्या. मी म्हणाले, "मग अपेक्षित आहे तेच लिहायचं तर फोटो कशाला दाखवतात?" आवाज चढला होता माझा. सर पुढच्या मुलीकडं गेले. मी पर्स उचलली आणि खाली आले. स्कूटी सुरू करताना रडू फुटलं. इतकं रडू मला पेशंट गेल्यावरही क्वचित येतं, आणि इथं कारण काय, तर एक लंगडं मेंढरू. पिंपळीला घरी पोचेपर्यंत मी स्वतःवरच चिडत आले.

चार दिवस क्लासला गेले नाही. नवऱ्यानं मात्र परीक्षेची तारीख घेऊन ठेवली होती.

परीक्षेचे नियम कडक होते. खोलीत दुसरं कुणी नको, कॅमेरा चालू, आवाज नको, डोळे स्क्रीनवरून हलता कामा नयेत. आतल्या खोलीत टेबल मांडलं. नवऱ्यानं शेजाऱ्यांना सुद्धा सांगून ठेवलं. पाऊण तास छान गेला. फोटोचा प्रश्न आला, चौकातला फुलविक्या होता, मी पहिलं वाक्य लिहिलं. तेवढ्यात मागच्या खिडकीतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, म्हशीची पेंड कुठं ठिवलीस?"

मी हललेसुद्धा नाही. पण त्या पुन्हा म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा खिडकीला तोंड लावून म्हणाल्या, "आसं दगडावानी का बसलीस? बरं न्हाय का?"

दोन दिवसांनी निरोप आला. खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळल्यामुळं निकाल ग्राह्य नाही.

सासूबाईंवर ओरडावं तर त्यांचा काय दोष? त्यांना गोठ्यात कुणी सांगितलंच नव्हतं. गावभर सांगत सुटलेला माझा नवरा स्वतःच्या आईला सांगायला विसरला होता. त्याला मी त्या दिवशी जे बोलायचं ते सगळं बोलले, फोटो, भाकरी, साखरपुडा, सगळं काढलं. तो शेवटी म्हणाला, "नको द्यायची का परत? नको वाटत आसंल तर सोड."

मला सोडवलं नाही. का, ते मलाही सांगता येत नाही. परदेशाची ओढ एवढी नव्हती. पण त्या प्रश्नापुढं हरून गप्प बसणं मला पटेना.

मी क्लासला परत गेले. सरांनी जुनं काही काढलं नाही, मीही नाही. तीन आठवडे मी फक्त साचा गिरवला. माणसं मोजली, रंग सांगितले, मागं काय आहे ते सांगितलं, सगळ्यांना आनंदी करून टाकलं. एका फोटोत जळालेल्या घरासमोर कुटुंब उभं होतं, तिथंसुद्धा माझा हात आनंदाकडंच गेला, मग मी तो शब्द खोडला. आकडा रोज वर सरकत होता. सर खूष होते. मला मात्र क्लासमधून उतरताना तोंडात कडवट चव यायची.

दुसऱ्या परीक्षेला सासूबाई शेजारच्या घरी जाऊन बसल्या, म्हशीला आदल्या रात्रीच पेंड मिळाली. फोटोचा प्रश्न आला आणि मी बघतच राहिले. दवाखान्याचा फोटो. पलंगावर निळा सदरा घातलेला एक म्हातारा माणूस, शेजारी पांढऱ्या कपड्यातली नर्स, मागं खिडकी. नर्स त्याला ग्लासानं पाणी पाजत होती आणि दोघंही हसत होते. आणि म्हातारा उताणा झोपलेला होता. पलंगाचं डोकं वर केलेलं नव्हतं, मानेखाली हात नव्हता. आडव्या माणसाला असं पाणी पाजलं तर ते श्वासाच्या नळीत जातं. आमच्याकडं शिकाऊ मुलीलाही पहिल्या आठवड्यात हे सांगतात. ज्या नोकरीसाठी मी ही परीक्षा देत होते ती अशाच म्हाताऱ्या माणसांना नीट पाणी पाजण्याची होती.

मी लिहिलं: एक प्रेमळ नर्स एका वृद्ध माणसाला पाणी देत आहे. त्यानं निळा सदरा घातला आहे. मागं मोठी खिडकी आहे. दोघंही आनंदी दिसतात.

अकरा सेकंद उरले होते. एक वाक्य सहज मावलं असतं. मला ते इंग्रजीत येतही होतं. मी हात मांडीवर ठेवून ते अकरा सेकंद जाऊ दिले.

पास झाले, चांगल्या मार्कांनी. नवऱ्यानं पेढे आणले. संध्याकाळी आबांना फोन केला. पास म्हटल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, "फोटू कसला व्हता?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "म्हाताऱ्याला ठसका लागला आसता की."

"हो."

"लिव्हलंस का तसं?"

"नाही, आबा. मार्क कमी झाले असते."

त्यावर ते रागावले नाहीत, काही समजावलंही नाही. "बरं," म्हणाले. "पास झालीस न्हवं, झालं तर मग." आणि भाऊ उसाला पाणी द्यायला गेलाय, आल्यावर त्याला सांगतो, म्हणून फोन ठेवला. त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मुलाखतीची तारीख अजून आलेली नाही. एजन्सीवाले दर आठवड्याला पुढच्या आठवड्याचं सांगतात. मधल्या काळात एक गोष्ट झाली. ड्यूटीवर जाताना एसटी स्टँडजवळ मला माझाच फोटो दिसला, पुरुषभर उंचीच्या फ्लेक्सवर. सरांनी तो माझ्या मोबाइलच्या डीपीवरून घेतला होता. मूळ फोटो आमच्या वॉर्डमधला. शेजारी माझी मैत्रीण उभी होती, तिला कापून टाकलं होतं, पण तिचा हात माझ्या खांद्यावर तसाच राहिला होता. मागं वॉर्डच्या जागी विमान. खाली अवतरणचिन्हात लिहिलं होतं की सरांच्या युक्त्यांमुळं माझं आयुष्यभराचं स्वप्न पूर्ण झालं आणि मी आज अत्यंत आनंदी आहे.

मी स्कूटी लावून वर गेले. सकाळचा क्लास सुरू होता.

"सर, हे मी कधी म्हणाले?"

ते ओशाळले. "मॅडम, सगळ्यांच्या फोटोखाली तसंच लिहितो आपण. वाईट काय लिहिलंय?"

"वाईट नाही. पण मी म्हणाले नाही. आणि खांद्यावर तो हात कुणाचा, कुणी विचारलं तर काय सांगू?"

"कुणी बघत नाही एवढं बारीक."

"काढून टाका."

"नवीन बॅच भरेपर्यंत राहू द्या. पंधरा दिवस. मग नक्की काढतो."

वर्गातल्या नव्या मुली माझ्याकडं बघत होत्या, फ्लेक्सवरची ती हीच का, अशा नजरेनं. एकीच्या स्क्रीनवर फोटो उघडा होता आणि तिचे सेकंद पळत होते. माझ्यामुळं तिचा वेळ जातोय म्हणून मी आणखी वाद घातला नाही, खाली उतरले. त्याला दीड महिना झाला. फ्लेक्स आहे तिथंच आहे, उन्हानं विमान फिकं पडलंय. मी आता कामाला मागच्या रस्त्यानं जाते.